जुनी नाव धरणात उतरवण्याआधी

पातूर तालुक्यात निर्गुणा आणि मोर्णा ही दोन मध्यम धरणं. शेजारी महानचं काटेपूर्णा, उत्तरेला सातपुड्याच्या कडेला वान, आणि गावोगावचे पाझर तलाव वेगळेच. या पाण्यावर रोहू, कटला, मृगळ, मरळ धरणारी माणसं बरीच. त्यांतली कित्येक अजून टायरच्या ट्यूबवर नाहीतर थर्माकोलच्या तराफ्यावर बसून जाळं टाकतात. नवी नाव परवडत नाही, मग येलदरी-इसापूरकडून किंवा थेट किनाऱ्यावरून वापरलेली नाव आणायचा विचार सुरू होतो. विचार वाईट नाही. अडचण वेगळीच आहे. जुनी नाव दुरुस्त कशी करायची हे विचारलं की सल्ला मिळतो तो किनाऱ्यावरचा: खारं पाणी, भरती-ओहोटी, लाकूड पोखरणारे समुद्रकिडे, बुडाला चिकटणारे शंख-शिंपले. यातलं काहीही निर्गुणेच्या पाण्यात नाही. वऱ्हाडात नावेला खाणारे तिघे आहेत: ऊन, दगड आणि उधई. कोकणातली नाव बारा महिन्यांतले बहुतेक महिने ओली असते, इथली कोरडी पडते. दुरुस्तीचा सगळा हिशोब या एका फरकावर बदलतो.

नाव पाहायला जाण्याआधी कागद पाहा. धरण पाटबंधारे खात्याचं, आणि मासेमारीचा ठेका मत्स्यव्यवसाय विभागाकडून मच्छीमारांच्या संस्थेला मिळतो, साधारण पाच वर्षांसाठी. ठेक्याची किती वर्षं उरली आहेत हे ठाऊक नसताना नावेवर पैसा लावू नका. वर्षभरात ठेका संपणार असेल तर नाव संस्थेच्या नावावर घ्यायची की स्वतःच्या, हे आधी बैठकीत ठरवून घ्या, नंतरची भांडणं फार महाग पडतात. मशीन लावायचं असेल तर धरणावरच्या शाखा कार्यालयात लेखी विचारा. काटेपूर्णाचं पाणी अकोला शहर पितं आणि त्या जलाशयाला अभयारण्यही लागून आहे. अशा ठिकाणी पेट्रोलचं मशीन हा तुमच्या मर्जीचा विषय नसतो. आणखी एक चौकशी अकोल्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात करून या. २०२० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत अनुदान सर्वसाधारण लाभार्थ्याला ४० टक्के आणि अनुसूचित जाती-जमाती व महिलांना ६० टक्के, असं धोरण आहे. ते नव्या कामाला मिळतं, जुन्या नावेच्या डागडुजीला नाही. तुमचा नंबर लागण्यासारखा असेल तर हा लेख इथेच बाजूला ठेवलात तरी चालेल.

पाहायला जाताना सोबत छोटी हातोडी, पेचकस, खडू, सुतळीचा गुंडा, टॉर्च आणि दोन सरळ पट्ट्या न्या. नाव पाण्याबाहेर आणि रिकामी हवी. पाण्यात तरंगणारी नाव दाखवून सौदा करणारा माणूस लबाडच असतो असं नाही, पण नावेचं जे पाहायचं ते सगळं पाण्याखाली असतं. नुकताच रंग मारलेला दिसला तर भाव चढवू नका, उतरवा. रंगाखाली काय आहे ते शोधण्याची मेहनत आता तुमच्या वाट्याला आली.

आधी आकार बघा, भोकं नंतर. नाळेपासून मागच्या फळीपर्यंत, नाव पालथी असेल तेव्हा कण्यावरून सुतळी ताणा. कणा मूळचा सरळ असलेली नाव वर्षानुवर्षं दोनच दगडांवर पडून राहिली तर मधोमध बसते किंवा टोकांकडून लोंबते, आणि सुतळीला ते लगेच कळतं. मग नाव सुलटी करून दोन पट्ट्या काठांवर आडव्या ठेवा, एक पुढे, एक मागे, आणि मागून एका डोळ्याने पाहा. दोन्ही पट्ट्या समांतर दिसल्या तर ठीक. एक तिरपी दिसली तर नावेला पीळ पडला आहे. दरवाजाची चौकट तपासणारा कोणताही सुतार हे काम डोळे झाकून करतो, त्याला सोबत नेलं तरी चालेल. भोक बुजवता येतं, फळी बदलता येते, पण पीळ पडलेली नाव सरळ होत नाही. ती वल्ह्याला एका अंगाला ओढत राहते आणि भार घेतल्यावर कलते. माझ्या मते नाकारण्याचं पहिलं कारण हेच, मग ती कितीही स्वस्त असो.

नाव लाकडी असेल तर पेचकस घेऊन बसा. कण्याजवळच्या फळ्या, फासळ्यांची खालची टोकं, बाकाखालचे अंधारे कोपरे, नाळेचा सांधा या जागी पावसाचं गोडं पाणी साचतं आणि लाकूड तिथूनच कुजतं. पेचकसाचं टोक सहज आत शिरलं की ते लाकूड गेलं. खिळ्यांभोवती काळं वर्तुळ दिसलं तर खिळा आतून गंजतोय आणि भोवतीचं लाकूडही सोबत नेतोय. बाभळीच्या फासळ्यांत हे जास्त दिसतं, कारण बाभळीतलं टॅनिन आणि लोखंड यांचं जमत नाही. मातीच्या नळ्या दिसल्या तर तीच उधई. नदीकाठी वर्षभर जमिनीला टेकून पडलेल्या नावेत ती असतेच, आणि फळीचा वरचा पापुद्रा शाबूत ठेवून आतून पोकळ करते. फळीवर हातोडीची मूठ आपटा, पोकळ आवाज लपत नाही.

फायबरची नाव असेल तर तिला हातोडीनेच बोलती करा. तळावर आणि बाजूंवर वीत-वीत अंतरावर हलके ठोके द्या. ठणठणीत आवाज म्हणजे थर एकजीव आहेत. जिथे आवाज बसका येतो तिथे थर सुटलेत, तिथे खडूने गोल काढा. शेवटी खडूचे गोल पाहिले की अर्धा सौदा झालेला असतो. वरचा चमकदार थर पांढरट पडून बोटाला भुकटी लागत असेल तर घाबरू नका, ते उन्हाचं काम आहे आणि वरवरचं आहे. एका बिंदूपासून कोळ्याच्या जाळ्यासारख्या चिरा फाकल्या असतील तर मात्र तिथे दगड बसला आहे. त्याच जागी आतल्या बाजूनेही पाहा. आत पांढुरका डाग असेल तर धक्का आरपार गेला.

सगळ्यात फसवी जागा म्हणजे मशीन टांगायची मागची फळी. बाहेरून फायबर, आत प्लायवूड. बोल्टाच्या भोकांतून वर्षानुवर्षं पाणी झिरपतं, प्लाय कुजतं आणि बाहेरून काही दिसत नाही. विकणाऱ्याची परवानगी घेऊन आतल्या बाजूने, खालच्या भागात, ड्रिलने लहान भोक पाडा. भुगा कोरडा आणि फिकट आला तर फळी चांगली. काळा, ओला लगदा आला तर पूर्ण फळी बदलायची आहे असं धरूनच भाव करा. ड्रिल मारू देत नसेल तर तेही उत्तरच समजा. वल्ह्यानेच नाव चालवणार असाल तर या फळीची काळजी अर्ध्याने कमी होते. आणि मध्यम धरणावर वल्हं पुरतं, असं माझं मत आहे.

किनाऱ्यावरून आणलेल्या नावेबद्दल एक भीती नेहमी ऐकू येते, की खाऱ्या पाण्यातली नाव गोड्या पाण्यात बुडते. समुद्राचं पाणी गोड्या पाण्यापेक्षा साधारण अडीच टक्के जड असतं. माणसं-सामानासह नाव हजार किलोची असेल तर ती इथे पंचवीसेक लिटर पाणी जास्त सारेल, म्हणजे अर्धा सेंटिमीटर खोल बसेल. एवढंच. खाऱ्या पाण्यातल्या मशीनची गोष्ट मात्र खरी. गिअरचं तेल काढून पाहा, दुधाळ असेल तर आत पाणी गेलेलं आहे. आणि त्या मशीनवर जस्ताचे तुकडे बसवलेले असतील तर ते गोड्या पाण्यात निरुपयोगी ठरतात, इथे मॅग्नेशियमचे लागतात. किनाऱ्यावर बुडाला लावतात तो तांब्याचा विषारी रंगही इथे लावू नका. शंख-शिंपले नाहीत, मग विष कशाला? तेही पिण्याच्या पाण्यात.

नाव आणताना ती ट्रॉलीत दोन लाकडांवर टेकवून आणू नका. पीळ आणि बाक वाटेतच पडतात. कण्याखाली तीन-चार ठिकाणी टेका, बाजूंना भुशाची पोती, आणि मागे लोंबणाऱ्या टोकाला लाल फडकं. मेडशीच्या घाटाकडून येत असाल तर दोर दोनदा तपासा.

आता प्रश्न येतो कारागिराचा. पातुरात नाव बांधणारा कुठे मिळणार? मिळतो, फक्त त्याच्या दुकानावर तशी पाटी नसते. लाकडी नावेसाठी बंडी बांधणारा म्हातारा सुतार शोधा. बाभळीचं नैसर्गिक वाकलेलं लाकूड कुठून कापायचं, त्याचे तंतू कुठे तुटू द्यायचे नाहीत, हे त्याच्या हाताला माहीत असतं आणि फासळी म्हणजे तेच काम. फायबरसाठी अकोल्यात कूलरच्या बॉड्या करणारे आहेत. आपल्याकडच्या उन्हाळ्याने ही कला घराघरात आणली. मात्र त्यांना कूलरच्या जाडीची सवय असते, नावेच्या नव्हे. किती थर चढवायचे हे तुम्ही सांगायचं आणि समोर उभं राहून मोजायचं.

लाकडी नावेची दुरुस्ती उन्हाळ्यात करू नये, आणि नेमकी तीच वेळ लोक निवडतात, कारण धरण आटलेलं असतं आणि हात रिकामे असतात. अकोल्याचं तापमान मे महिन्यात ४५ अंशांपर्यंत जातं. त्या उन्हात फळ्या इतक्या आकसतात की सांध्यातून नाणं सरकतं. ते पाहून माणूस घाबरतो आणि सगळ्या फटी कडक लांबीने गच्च भरून टाकतो. मग नाव पाण्यात गेली की फळ्या फुगतात. फुगायला जागा नसते, तेव्हा त्या खिळे उपटतात किंवा फासळ्या फोडतात. बरोबर क्रम उलटा आहे. आधी नावेत ओली पोती अंथरा आणि चार-सहा दिवस सावलीत ओली ठेवा. निम्म्याहून जास्त फटी आपोआप मिटतील. ज्या मिटणार नाहीत त्यांवरच काम करायचं. पृष्ठभाग एक दिवस सावलीत सुकू द्या, मग कापसाची सैल वात वळून जवसाच्या तेलात भिजवा आणि बोथट पटाशीने फटीत बसवा. ठासायची नाही, बसवायची. कापसाच्या मुलखात निदान या एका वस्तूसाठी दुकानात जावं लागत नाही. वातीवर खडूची भुकटी आणि जवसाचं तेल मळून केलेली मऊ लांबी भरा, हवं तर थोडी राळ घाला. ही लांबी फळीसोबत दबते आणि फुलते.

कुजलेली फळी बदलताना कुजकं जिथे संपलं असं वाटतं त्याच्या पुढे हातभर तरी कापा. बुरशी डोळ्याला दिसते त्यापेक्षा पुढे गेलेली असते. नवी फळी वाळलेल्या सागाची घ्या. आंब्याची स्वस्त मिळते, पण पाण्यात फार दिवस टिकत नाही. जोड सपाट टोकाला टोक लावून करू नका. तिरपा कापून एकावर एक बसवा. फळीच्या जाडीच्या आठपट लांबीचा तिरपेपणा, म्हणजे इंचाच्या फळीला आठ इंच. शेजारशेजारच्या दोन फळ्यांचे जोड एकाच फासळीवर येऊ देऊ नका, नाहीतर तीच फासळी नावेची कमकुवत रेघ ठरते. खिळे-बोल्ट जस्ताचा मुलामा असलेले किंवा तांब्याचे. भोक आधी पाडून, तेल लावून ठोका. साध्या लोखंडी खिळ्यात वाचवलेले पैसे पुढच्या दुरुस्तीत व्याजासह जातात.

इथे एक मोह होतो. ‘लाकडावर फायबर चढवून टाकू, कटकट संपली.’ जुन्या, ओल मुरलेल्या फळ्यांवर पॉलिस्टर रेझिन नीट धरत नाही. वर्षभरात ते सुटतं, मग आत पाणी अडकतं, आणि तुम्हाला दिसायच्या आत लाकूड कुजतं. कोचीच्या केंद्रीय मात्स्यिकी तंत्रज्ञान संस्थेने रबराच्या लाकडाच्या होड्यांवर फायबरचं आवरण चढवून दाखवलं, ही गोष्ट खरी. पण ते लाकूड नवं होतं आणि औषध मुरवून वाळवलेलं होतं. जुन्या नावेला ते उदाहरण लागू पडत नाही.

फायबरच्या नावेचं गणित वेगळं, आणि तिच्यासाठी दिवाळीनंतरचे महिने उत्तम. आधी नाव वाळली पाहिजे. पाणी पिलेल्या थरावर नवं रेझिन बसत नाही. वाळली का हे पाहायला हातभर प्लॅस्टिकचा कागद चारही कडांनी टेप लावून चिकटवा आणि एक दिवस-रात्र सोडा. आतून घाम आला तर अजून आठवडे बाकी आहेत. घाई इथे चालत नाही.

समजा तळाची जाडी पाच मिलिमीटर आहे आणि दगड लागून दहा सेंटिमीटरचं भोक पडलं आहे. भोकावर वरून ठिगळ लावणं म्हणजे दुरुस्ती नव्हे. भोकाच्या कडा ग्राइंडरने तिरप्या घासायच्या, जाडीच्या बारापट लांब, म्हणजे सगळीकडून सहा सेंटिमीटर. आता खड्डा बावीस सेंटिमीटर रुंदीचा झाला. मागून प्लॅस्टिक गुंडाळलेला प्लायचा तुकडा लावून आधार द्या आणि खड्डा थरांनी भरत या. ४५० ग्रॅमची काचतंतूंची मॅट रेझिनसकट साधारण एक मिलिमीटर जाडी देते, म्हणून पाच थर लागतात. पहिला तुकडा लहान, मग प्रत्येक वरचा थोडा मोठा. मॅटच्या वजनाच्या दोन ते अडीचपट रेझिन पुरतं. त्याहून जास्त ओतलं तर जागा जड होते आणि ठिसूळ होते. प्रत्येक थरातली हवा ब्रशने दाबून काढा. पांढरा बुडबुडा राहिला की पुढची भेग तिथूनच सुरू होते.

हार्डनर रेझिनच्या वजनाच्या एक ते दोन टक्के. थंडीच्या सकाळी दोन, पण दुपारी पारा चढल्यावर एक टक्काही पुरतो. एका वेळी पाव किलोच्या वर मिसळू नका. डब्यात राहिलेलं रेझिन स्वतःच तापतं, धूर सोडतं, आणि डबा हातात धरवत नाही. काम सावलीत करा. सकाळी लवकर सुरू करून ऊन चढायच्या आत संपवा. शेवटच्या थराला हवा लागली की तो चिकट राहतो, म्हणून त्यात मेण मिसळलेलं रेझिन वापरा किंवा वरून प्लॅस्टिकचा कागद ताणून बसवा. मॅट घासताना उडणारी काचेची भुकटी त्वचेत खाजते आणि फुफ्फुसात राहते. तोंडाला रुमाल नको, मास्क हवा. डोळ्याला चष्मा हवाच. हार्डनर डोळ्यात गेलं तर नजर जाऊ शकते. लगेच पंधरा-वीस मिनिटं पाण्याने डोळा धुवत राहा आणि मग थेट दवाखाना गाठा.

आणि हे वाक्य कारागिराला स्वतः सांगा, त्याला माहीत असेल असं धरू नका: कोबाल्ट (रेझिन लवकर बसावं म्हणून घालतात ते) आणि हार्डनर थेट एकमेकांत कधीही मिसळायचे नाहीत. आधी कोबाल्ट रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचं, मग हार्डनर. दोन्ही बाटल्या एकत्र ओतल्या तर आग लागते, स्फोटही होतो. या दोन बाटल्या एका फळीवर शेजारी ठेवू नका.

धरणातली नाव किनाऱ्यावरच्या नावेपेक्षा एका बाबतीत जास्त मार खाते. पाणी उतरत जातं तसा काठ सरकतो, आणि नाव दर आठवड्याला नव्या दगडावर घासते. आपल्या काळ्या बेसाल्टला दया नाही. बुडित क्षेत्रातली खुंटं डिसेंबरात चार हात पाण्याखाली असतात आणि एप्रिलमध्ये वीतभर. म्हणून कण्याखाली घासपट्टी हवीच. लाकडी नावेला शेतातल्या जुन्या एचडीपीई पाइपची उभी चिरलेली पट्टी स्क्रूने बसवा. झिजली की दुसरी लावता येते. फायबरच्या कण्याला स्क्रू मारून नवी भोकं पाडू नका. तिथे मॅटचे दोन-तीन जादा थर चढवा, तेच बरं.

भोकाला हलकं का घेऊ नये, त्याचा आकडा सांगतो. पाण्याच्या पातळीखाली एक फुटावर एक इंचाचं भोक असेल तर मिनिटाला चाळीसेक लिटर पाणी आत येतं. दोन माणसं बादलीने उपसत राहिली तर ते पुरं पडतं, पण मग जाळं कोण ओढणार? म्हणून उपसायचं भांडं दोरीने बांधलेलं असावं, आणि नाव भरली तरी तरंगेल अशी सोयही असावी. फायबर पाण्याच्या साधारण दीडपट जड. दीडशे किलोची फायबरची नाव पाण्याखाली गेली की तिचा भार उरतो पन्नास किलोचा. बाहेर पाण्यात लटकलेल्या माणसाला डोकं वर ठेवायला दहा किलोचा आधार पुरतो, म्हणजे चौघांना चाळीस. लहान मशीनचे तीस धरा. एकशेवीस झाले. वीस लिटरचे, झाकण घट्ट बसणारे सात कॅन म्हणजे एकशेचाळीस लिटर. झालं काम. हे कॅन तळात ठेवू नका, तळात ठेवले तर पाणी भरलेली नाव पालथी होते. दोन्ही टोकांना आणि बाजूंना, काठाच्या खाली, उंचावर पट्ट्यांनी बांधा. थर्माकोल वापरणार असाल तर एवढंच, की पॉलिस्टर रेझिन आणि पेट्रोल दोन्ही त्याला विरघळवतात. प्लॅस्टिकमध्ये गुंडाळल्याशिवाय रेझिन त्याच्या जवळही नेऊ नका.

नावेचा काठ हाताने चाचपा. नायलॉनच्या जाळ्याला खिळ्याचं डोकं किंवा फायबरची उघडी कड एकदा लागली की त्या दिवसाची कमाई जाळं विणण्यात जाते. जिथून जाळं ओढता ती बाजू कागदाने घासून गुळगुळीत करा, तिथे पाइपची चिरलेली पट्टी चढवली तर आणखी बरं.

पाण्यात उतरवण्याची पहिली परीक्षा जमिनीवर घ्या. नाव नीट टेकवून आत वीतभर पाणी भरा, त्याहून जास्त नको, पाण्याच्या वजनाने टेका सुटतात. बाहेरून जिथे ओल येते तिथे खडूने खूण करा. पाण्यात राहून आतली गळती शोधण्यापेक्षा हे फार सोपं आहे. लाकडी नाव पहिल्या दिवशी थोडी गळणारच, दोन-तीन दिवसांत फळ्या फुगून बसतील. चौथ्या दिवशीही गळत असेल तर ती जागा तुम्ही चुकवली आहे.

मग काठाजवळ, कमरेएवढ्या पाण्यात, नावेत वाळूची पोती भरा. अठरा फुटी, साडेचार फूट रुंद नाव साधारण पन्नास किलोला एक सेंटिमीटर बसते. म्हणजे सहा माणसं चढली तरी काठ आठ-नऊ सेंटिमीटरच खाली येतो, आणि इथेच माणूस फसतो. नाव अजून कितीतरी वर आहे, आणखी दोघं बसू द्या, असं वाटतं. पण लहान नाव वजनाने बुडत नाही, ती कलंडते. १४ सप्टेंबर २०२१ रोजी वरुड तालुक्यात झुंज येथे वर्धा नदीत नाव उलटून अकरा जणांचा जीव गेला. अमरावती जिल्हा ते विसरलेला नाही. म्हणून नुसता भार पाहू नका, कलही पाहा. पूर्ण भार असताना दोन माणसं एका बाजूला उभी राहून जाळं ओढल्यासारखी वाकू द्या. खालच्या काठापासून पाण्यापर्यंत एक वीत अंतर उरलं नाही तर एक माणूस कमी करा, नाहीतर जाळं कमी. जो आकडा ठरेल तो रंगाने काठावर आतून लिहून ठेवा, म्हणजे लग्नाच्या वऱ्हाडाला पलीकडे सोडून द्या असं कुणी म्हटलं की बोट दाखवता येईल. शेवटी एकदा नाव मुद्दाम पाण्याने भरून पाहा. सात कॅनांचं गणित बरोबर बसलं का ते तिथेच कळेल. लाइफ जॅकेट प्रत्येकाला, आणि ते अंगावर. बाकाखाली कोंबलेलं जॅकेट मे-जूनच्या वावटळीत सापडत नाही. सभासदांचा मत्स्य संपदा योजनेतला सामूहिक अपघात विमा चालू आहे का तेही संस्थेत विचारून ठेवा. मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर त्यात पाच लाख रुपयांची तरतूद आहे.

राहिला साठवणीचा प्रश्न, आणि त्यात दोन्ही नावांची रीत एकमेकींच्या नेमकी उलट आहे. फायबरची नाव कोरडी, पालथी, सावलीत, तीन टेकांवर ठेवा. ताडपत्री अंगाला चिकटू देऊ नका, खालून वारा खेळता राहू द्या. लाकडी नाव मात्र उन्हाळ्यात कोरडी ठेवलीत तर दुरुस्तीचे पैसे पाण्यात गेले. सावली मिळत नसेल तर ती काठाजवळच्या उथळ गोड्या पाण्यात दगड भरून सरळ बुडवून ठेवा. पाण्याखाली हवा नसते, त्यामुळे लाकूड कुजत नाही, फाटत नाही, आणि उधई तिथे पोचत नाही. फक्त एप्रिल-मेमध्ये दर आठवड्याला एक फेरी मारा आणि पाणी उतरेल तशी नाव पुढे सरकवा. जमिनीवरच ठेवायची वेळ आली तर मातीला टेकू देऊ नका. सिमेंटच्या ठोकळ्यांवर ठेवा आणि जळकं ऑइल फासायचं तर फक्त ठोकळ्यांना फासा, नावेला नको. पहिल्या पावसानंतर पोती ओली करून परत चार दिवस अंथरा, मग सांधे पाहा.